मुकी नायिका, बोलके डोळे

१९७५ चा मार्च. जपानमधल्या शाळांना वसंतातली सुट्टी लागायच्या सुमारास तोएई या सिनेमा कंपनीने नेहमीप्रमाणे मुलांसाठी सिनेमांचा भरगच्च खेळ लावलाय. एका तिकिटात बरंच काही. ग्रेट माझिंगर आणि गेटर रोबो हे अजस्र यंत्रमानव आहेत, म्हणजे आरडाओरड्याची सोय झालीच. आणि त्याच खेळात आहे ६८ मिनिटांचा ॲनिमेशनपट, एका जलपरीचा, डॅनिश लेखक हान्स ख्रिश्चन अँडरसनच्या १८३७ सालच्या गोष्टीवरून काढलेला.

दिग्दर्शक तोमोहारू कात्सुमाता. गंमत म्हणजे हा माणूस 'माझिंगर झेड' या यंत्रमानवाच्या मालिकेतल्या मारामाऱ्यांत मुरलेला.

सिनेमाची सुरुवात डेन्मार्कच्या खऱ्याखुऱ्या चित्रणाने होते. मग आपण पाण्याखाली उतरतो. मरीना, सर्वांत धाकटी राजकन्या. सोबतीला फ्रिट्झ नावाचा डॉल्फिन. अँडरसनच्या गोष्टीत तो नाही, आणि खरं सांगायचं तर त्याच्या उचापती आज जरा जास्तच वाटतात. पण लहान पोरांना तासभर जागेवर बसवायचं, तर असा एखादा वात्रट दोस्त लागतोच.

वादळ येतं, राजपुत्र बुडता बुडता वाचतो, मरीना स्वतःचा आवाज चेटकिणीला देऊन टाकते आणि बदल्यात पाय मिळवते. इथून ॲनिमेशनवाल्यांची खरी परीक्षा. नायिकाच मुकी! ज्याला वाचवलं, त्याला ती ते सांगूही शकत नाही. जे काही कळवायचं ते डोळ्यांनी, नाहीतर मानेच्या कलाने.

ही बाजू सांभाळली रेइको ओकुयामा यांनी. त्या या सिनेमाच्या ॲनिमेशन दिग्दर्शक. एकच मरीना अनेक हात काढत असतात. कुणाची हनुवटी निमुळती होते, कुणाची पापणी जड. अशी चित्रं त्यांच्या टेबलावर येणार, आणि ती दुरुस्त करून मरीनाचा चेहरा एकसारखा ठेवायचं काम त्यांचं. खालून दिवा लावलेली काच, काचेवर चित्र, चित्रावर पातळ कागद आणि हातात पेन्सिल. भुवईची रेघ किंचित खाली उतरली, तरी दुःखाचा राग होतो.

ओकुयामा तोएईत होत्या त्या १९५८ च्या 'हाकुजादेन'पासून, म्हणजे जपानच्या पहिल्या रंगीत, पूर्ण लांबीच्या ॲनिमेशनपटापासून. बाईने लग्नानंतर, निदान मूल झाल्यावर तरी घरी बसावं, अशी तिथे अपेक्षा असायची. ओकुयामांनी सहकारी ॲनिमेटर योइची कोताबे यांच्याशी लग्न केलं, आई झाल्या आणि काम चालूच ठेवलं.

आता शेवट. राजपुत्र दुसरीशी लग्न करतो, म्हणजे आता मरीनाचं मरण ठरलेलं. बहिणी खंजीर आणून देतात: त्याला मार, तू वाचशील. मरीना खंजीर घेऊन त्याच्या बिछान्याशी जाते. तिचा हात उठत नाही. ती खंजीर टाकते आणि समुद्रात उडी घेते. मुलांचा सिनेमा म्हणून तोएईने शेवटी लग्नाची वरात काढली नाही. यंत्रमानव बघायला आलेल्या पोरांना हेही झेपेल, असं त्यांनी धरलं. १९८९ मध्ये डिस्नीने हीच गोष्ट गोड करून संपवली. त्यातली गाणी आवडीने ऐकावीत, पण माझं मत तोएईच्या पारड्यात.

पुढे तोएईने परीकथांचा रतीबच घातला: रानहंस, अंगठ्याएवढी मुलगी, बारा महिने, हंससरोवर, अल्लादीन. ओकुयामा नंतर कंपनीतून बाहेर पडल्या, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायच्या चित्रांत रमल्या. २००७ साली त्या गेल्या. २०१९ मध्ये जपानच्या एनएचके या सार्वजनिक वाहिनीच्या 'नात्सुझोरा' या सकाळच्या मालिकेची नायिका बरीचशी त्यांच्यावर बेतली होती, आणि त्या काळचं ॲनिमेशन पडद्यावर नीट उतरावं म्हणून सल्ला द्यायला होते खुद्द कोताबे.