दुबईची बॅग भरताना

श्रोतेहो, नमस्कार. दुबईला मुलाबाळांकडे किंवा हौसेने फिरायला जाणारी आपली मंडळी बहुधा मे महिन्यात निघतात, कारण शाळांना तेव्हा सुट्टी असते. माझे आग्रहाचे सांगणे असे, की जमत असेल तर दिवाळी आटोपल्यावर निघा. नोव्हेंबर ते मार्च तेथील हवा सुखाची असते, जानेवारीत तर दुपारीही पारा साधारण २४ अंशांवर राहतो आणि पहाटे अंगावर काहीतरी घ्यावेसे वाटते. उलट उन्हाळ्यात तो चाळिशी ओलांडतो आणि ग्लोबल व्हिलेजसारखी उघड्यावरची ठिकाणे बंदच असतात. म्हणून पुन्हा सांगतो, मे नव्हे, दिवाळीनंतर.

अर्थात बाळंतपण काही हवामान पाहून येत नाही. माझ्या परिचयाचे एक निवृत्त विज्ञान शिक्षक लेकीच्या बाळंतपणासाठी पत्नीसह ऑगस्टमध्ये तिकडे गेले. लेकीने फोनवर बजावले होते, "बाबा, शाल आणा." त्यांनी सुती सदरे तेवढे घेतले; वाळवंटात शाल कशाला, असे त्यांचे म्हणणे. काकूंनी मात्र काही न बोलता एक शाल आपल्या हातातल्या पिशवीत सरकवली. विमानतळावरच्या गारठ्यात सामानाची वाट पाहता पाहता सर आखडून गेले आणि ती शाल त्यांच्याच खांद्यावर आली. मग काचेचे दार उघडून बाहेर पाऊल टाकले, तोच चष्मा पांढराफटक झाला. रुमालाने पुसला, पुन्हा धुरकटला. घ्यायला आलेला जावई दोन हातांवर उभा होता, पण सरांना दिसेना. थोरली नात घाबरली, तेव्हा मध्यरात्री, त्या उकाड्यात, सरांनी तिला तेथेच धडा दिला: आखाताचे पाणी या दिवसांत तिशीच्या वर तापलेले असते, त्यावरून येणारी हवा बाष्पाने जड होते आणि एसीत गार झालेल्या काचेला ती लागली की बाष्पाचे पाणी होते. पुढे महिनाभर इमारतीतून बाहेर पडण्याआधी ते चष्मा काढून सदऱ्याच्या आत, छातीशी धरून ऊबदार करून घेत आणि मगच दार ओलांडत.

तेव्हा ध्यानात ठेवा, सैल सुती कपडे बाहेरच्यासाठी आणि शाल आतल्यासाठी. आत म्हणजे मॉल, मेट्रो, टॅक्सी, सगळीकडे. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून सदरे नेहमीपेक्षा जास्त घ्यावेत.

उन्हाळ्यात फिरणे सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर ठेवावे. तेथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात मजुरांकडून काम करून घेण्यास कायद्यानेच मनाई आहे. मग पाहुण्यांनी त्या वेळी वणवण कशासाठी करावी? दुपारची झोप म्हणजे आळस, ही आपल्याकडची समजूत मला कधीच पटलेली नाही.

शेवटी औषधे. ती हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह असावीत. कोडीन असलेली खोकल्याची किंवा वेदनाशामक औषधे तेथे नियंत्रित आहेत आणि ती नेण्यासाठी आधी परवानगी घ्यावी लागते. आपल्या औषधांत असे काही आहे का, हे तिकीट काढतानाच डॉक्टरांना विचारावे आणि परवानगीचा अर्ज लगेच करावा.