रांजणांच्या पठारापासून लिंगपर्वतापर्यंत : लाओसचा प्रवास

आग्नेय आशियात समुद्रकिनारा नसलेला देश एकच आहे, तो म्हणजे लाओस. चीन, व्हिएतनाम, कंबोडिया, थायलंड आणि म्यानमार यांच्या मधोमध असलेला हा देश क्षेत्रफळाने महाराष्ट्रापेक्षा लहान आहे आणि त्याची लोकसंख्या एक कोटीही भरत नाही. जमीन बहुतांशी डोंगराळ असल्यामुळे शतकानुशतके मेकाँग नदी हाच येथला मुख्य मार्ग राहिला. कंबोडियातील अंगकोर या प्राचीन ख्मेर राजधानीच्या तोडीचे दगडी नगर येथे नाही, आणि कंबोडिया पाहून इकडे वळलेल्या प्रवाशाला ते सुरुवातीला जाणवतेही. परंतु लाओसच्या जुन्या माणसांचे कसब इमारतींच्या भव्यतेपेक्षा जागेच्या निवडीत अधिक दिसते, आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना आपण मुख्यतः त्या निवडीचाच माग काढणार आहोत.

प्रवासाची सुरुवात लुआंग प्रबांग येथून होते. मेकाँग आणि नाम खान या नद्यांच्या संगमावरील चिंचोळ्या जमिनीवर वसलेल्या या जुन्या राजधानीचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत 1995 मध्ये समावेश झाला. सोळाव्या शतकात राजा सेत्थाथिरात याने बांधलेला वाट शिएंग थोंग हा बौद्ध विहार, त्याच्या जवळजवळ जमिनीला टेकणाऱ्या उतरत्या छपरांसह, येथे आजही उभा आहे. येथून नावेने मेकाँगच्या प्रवाहाविरुद्ध गेल्यावर पाक ऊ गाव येते. नाम ऊ नदी जेथे मेकाँगला मिळते, त्याच्या समोरच्या चुनखडीच्या कड्यात दोन गुहा आहेत आणि भाविकांनी पिढ्यानपिढ्या आणून ठेवलेल्या हजारो बुद्धमूर्ती त्यांत दाटीने उभ्या आहेत. त्यांतील अनेक मूर्ती झिजलेल्या किंवा भंगलेल्या आहेत, आणि नववर्षाच्या सणाला लोक नावांतून येऊन त्यांना स्नान घालतात.

शहराच्या दक्षिणेस असलेला क्वांग सी धबधबा पर्यटकांचा सर्वांत लाडका आहे. पाण्यात विरघळलेला चुना साचत साचत तेथे पायऱ्यापायऱ्यांचे कुंड तयार झाले असून, त्यांतील पाणी कोरड्या ऋतूत निळसर हिरवे दिसते. धबधबा सुंदर आहे यात शंका नाही. मात्र गर्दी एवढी असते की शक्य असल्यास सकाळी लवकर जाऊन परतावे आणि वाचलेला वेळ पुढच्या ठिकाणासाठी राखून ठेवावा.

ते ठिकाण म्हणजे शिएंग ख्वांग प्रांतातील रांजणांचे पठार. फोनसवान गावाच्या परिसरात, समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून अधिक उंचीवर, गवताळ उतारांवर आणि डोंगरधारांवर दगडात कोरलेले अवाढव्य रांजण पसरलेले आहेत. काही माणसाच्या कमरेएवढे, तर काही त्याच्या डोक्याहूनही उंच आहेत, आणि मोठ्या रांजणांचे वजन कित्येक टन भरते. अशा रांजणांची संख्या 2,100 हून अधिक आहे; त्यांपैकी 1,325 रांजण असलेली पंधरा स्थळे 2019 मध्ये जागतिक वारसा म्हणून जाहीर झाली. एका राक्षसी देहाच्या राजाने युद्ध जिंकल्यावर तांदळाची दारू गाळून साठवण्यासाठी ते करवून घेतले, अशी स्थानिक आख्यायिका आहे. फ्रेंच संशोधक मादलेन कोलानी यांनी 1930 च्या दशकात येथे उत्खनन केले, तेव्हा त्यांना मणी, लोखंडी अवजारे आणि जळालेली मानवी हाडे सापडली आणि त्यावरून त्यांनी रांजणांचा संबंध अंत्यविधीशी जोडला. येथील स्थळांना क्रमांक दिलेले आहेत; त्यांतील पहिल्या स्थळाजवळच्या चुनखडीच्या गुहेच्या छताला भोके आहेत. ही गुहा दहनासाठी वापरली जात असावी, असे त्यांचे मत होते.

कोलानी यांचा मुख्य निष्कर्ष टिकून राहिला आहे. अलीकडच्या उत्खननांत रांजणांच्या भोवती, सपाट दगडांखाली आणि मातीच्या भांड्यांत पुरलेल्या अस्थी मिळाल्या. दुसऱ्या स्थळावरील रांजणांखालच्या मातीच्या तपासणीतून, हे रांजण इसवी सनापूर्वी काही शतके तेथे आणले गेले असावेत, असे 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने सुचवले. त्यांच्या भोवतीची कित्येक दफने मात्र त्यानंतर बऱ्याच काळाने झालेली आहेत. म्हणजे ज्यांनी रांजण घडवले आणि ज्यांनी पुढे त्यांच्याजवळ आपले मृत पुरले, ते लोक एकच असतील असे नाही. पहिल्या स्थळावरील दगड सुमारे आठ किलोमीटरवरील खाणीतला असल्याचेही दिसून आले आहे. एवढा भार डोंगरवाटांवरून कसा वाहून आणला असेल, हा प्रश्न रांजणाच्या काठावर हात ठेवल्यावर पुस्तकात वाचताना वाटतो त्याहून कितीतरी अवघड वाटतो.

या पठारावर पाऊल ठेवताना जमिनीत बसवलेल्या पांढऱ्या आणि लाल खुणा पाहाव्या लागतात. पांढऱ्या बाजूची जमीन स्फोटकांपासून मुक्त केलेली आहे, लाल बाजूची तशी हमी नाही. अमेरिकेने 1964 ते 1973 या काळात लाओसवर वीस लाख टनांहून अधिक दारूगोळा टाकला. क्लस्टर बॉम्बमधून विखुरलेल्या सुमारे 27 कोटी लहान बॉम्बपैकी कोट्यवधी बॉम्ब फुटलेच नाहीत आणि शेतांत व रानांत गाडले गेले. रांजणांच्या शेजारी बॉम्बचे खड्डे आजही आहेत, काही रांजण त्या स्फोटांत फुटलेले आहेत, आणि अनेक स्थळांवर उत्खनन करण्यापूर्वी जमीन निर्धोक करून घ्यावी लागते. जवळच्या बान नाफिया गावात बॉम्बच्या अ‍ॅल्युमिनियमपासून चमचे ओतले जातात आणि ते बाजारात विकले जातात.

पठार सोडून दक्षिणेकडे उतरल्यावर खाम्मुआन प्रांतातील चुनखडीचे सुळके सुरू होतात. येथील कोंग लोर गुहेतून नाम हिनबुन नदी सात किलोमीटरहून अधिक अंतर डोंगराच्या पोटातून वाहते, आणि प्रवासी लांबट यांत्रिक नावेत बसून, डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात, एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात पोहोचतात. याच प्रांतातील बाजारात खाण्यासाठी विक्रीला आलेला, स्थानिक लोक ज्याला ‘खा न्यू’ म्हणतात असा एक कृंतक (उंदीर-खारींच्या वर्गातील) प्राणी शास्त्रज्ञांच्या नजरेस पडला. त्याचे शास्त्रीय वर्णन 2005 मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे तो अशा कुळातील निघाला की जे सुमारे 1.1 कोटी वर्षांपूर्वी नामशेष झाल्याचे मानले जात होते.

आता आपण चंपासाक येथे, मेकाँगच्या पश्चिम काठावर आहोत. समोर 1,416 मीटर उंचीचा फू काओ पर्वत आहे आणि त्याच्या माथ्यावर निसर्गतःच लिंगाच्या आकाराचा सुळका उभा आहे. प्राचीन काळी हा पर्वत लिंगपर्वत म्हणून ओळखला जात असे. पायथ्याजवळच्या प्राचीन नगराच्या परिसरात सापडलेल्या पाचव्या शतकातील संस्कृत शिलालेखात देवानीक नावाचा राजा येथे एक तीर्थ स्थापन करतो आणि त्याला कुरुक्षेत्र हे नाव देतो, असा उल्लेख आहे. महाभारतातील भूमीचे पुण्य मेकाँगच्या काठी आणण्याचा हा संकल्प अंगकोर वाटच्या उभारणीहून सुमारे सहाशे वर्षे जुना आहे.

आज दिसणारे वाट फू मंदिर मुख्यतः अकराव्या ते तेराव्या शतकांतील ख्मेर बांधकाम आहे. नदीकडील बाजूला विस्तीर्ण तलाव, त्यानंतर दोन बाजूंना दोन चौकोनी दगडी वास्तू, आणि मग चाफ्याच्या झाडांमधून डोंगरावर चढत जाणाऱ्या झिजलेल्या पायऱ्या, अशी ही मांडणी एकाच सरळ अक्षावर एक किलोमीटरहून अधिक पसरलेली आहे. वर गाभाऱ्याच्या द्वारपट्टीवर कंसवध करणारा कृष्ण ओळखू येतो. मागच्या खडकात ब्रह्मा, विष्णू आणि शिव एकत्र कोरलेले आहेत. मंदिराची खरी किल्ली मात्र गाभाऱ्यामागच्या कड्यात आहे. तेथील झऱ्याचे पाणी दगडी पन्हळीतून गाभाऱ्यात आणून शिवलिंगावर अखंड अभिषेक होईल, अशी योजना केलेली होती. स्थापत्यकाराने डोंगर, झरा आणि नदी यांना हात न लावता त्यांच्यामधली जागा फक्त जोडून दिली, आणि माझ्या मते लाओसमधील सर्वांत विचारपूर्वक केलेले बांधकाम हेच आहे. पुढे मंदिर बौद्ध झाले. गाभाऱ्यात आता बुद्धमूर्ती आहेत आणि माघ पौर्णिमेच्या सुमारास येथे मोठी यात्रा भरते. या परिसराला 2001 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला असून, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागानेही येथील वास्तूंच्या जतनाचे काम केले आहे.

कंबोडियाच्या सीमेजवळ मेकाँग अनेक प्रवाहांत विभागते आणि खोन येथे खडकांवरून कोसळते. नदीमार्गे चीन गाठण्याची फ्रेंचांची आशा येथेच अडली. 1866 साली निघालेल्या त्यांच्या मोहिमेला हा अडथळा दिसला होता, तरीही 1890 च्या दशकात त्यांनी बेटावर छोटा रेल्वेमार्ग टाकून सुट्या केलेल्या नौका त्यावरून वर नेल्या. दोन बेटांना जोडणारा त्या मार्गाचा पूल आज पायी चालणाऱ्यांच्या आणि सायकलस्वारांच्या उपयोगाचा आहे. चीनहून लाओसच्या राजधानीपर्यंत, म्हणजे व्हिएन्तियानपर्यंत, रेल्वे पोहोचली ती थेट 2021 च्या डिसेंबरमध्ये. धबधब्याखालच्या डोहात राहणारे इरावती डॉल्फिन मात्र 2022 पर्यंत तेथून नाहीसे झाले; मासेमारीच्या जाळ्यांनी त्यांची संख्या आधीच घटवली होती, आणि शेजारच्या प्रवाहावर बांधलेल्या डॉन साहोंग धरणाला पर्यावरण अभ्यासकांचा विरोध होता तो या डॉल्फिनच्या काळजीपोटीच.