एक तोळ्याची गोळी

(ठाण्यात नौपाड्यातल्या एका सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. आधी कबुली देऊन टाकतो, म्हणजे नंतर कुणी कान धरायला नको. मी शिकारी नाही. आयुष्यात एकही जनावर मारलेलं नाही. नोकरी केली ती पितळ आणि तांब्याच्या मिश्रधातूंमध्ये, आणि छंद आहे पॉइंट टू-टू रायफलने पन्नास मीटरवरच्या कागदाला भोकं पाडण्याचा. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे हौशी शिकारीचं दार लागलं, आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरलीसुरली फटही बुजली. माणसावर उठलेलं जनावर किंवा पीक उद्ध्वस्त करणारं डुक्कर कलम ११ खाली अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने मारता येतं, तेवढंच.

मग हा विषय कशाला? कारण आपण सगळे शिकारकथा वाचत मोठे झालो. त्यात 'थ्री-सेव्हन्टी-फाइव्ह मॅग्नम', 'फोर-फिफ्टी', 'थर्टी-ओ-सिक्स' असे आकडे यायचे आणि आपण ते मंत्रासारखे वाचून पुढे जायचो. आकडा मोठा तर बंदूक मोठी, बंदूक मोठी तर जनावर खलास, इतकंच कळायचं. हे गणित चुकीचं आहे.

माझ्या आजोबांची मुरबाडकडे थोडी शेती होती आणि परवान्याची बाराबोर बंदूक. कायद्याच्या आधीचा काळ. एका रात्री त्यांनी भातात शिरलेल्या डुकरावर एलजीचं काडतूस झाडलं. एलजी म्हणजे मोजके मोठे छर्रे. डुक्कर गेलं निघून. आठवड्याने नाल्याच्या कडेला मेलेलं सापडलं. सोललं तेव्हा दोन छर्रे खांद्याच्या कातडीखालीच अडकलेले, आणि एक मागे आतड्यापर्यंत गेलेला. त्या एकाने आठवडाभर कुजवून मारलं. आजोबांनी त्यानंतर डुकरावर बार काढला नाही. मोठ्या नर डुकराच्या खांद्यावर चिवट पेशींची जाड ढाल असते, नरानरांच्या झुंजीत सुळ्यांपासून वाचवणारी. बारा बोअरची नळी तर पाऊण इंचाच्या आसपास, म्हणजे थर्टी-ओ-सिक्सच्या दुपटीहून जास्त. नळी मोठी होती, आवाजही मोठा होता, पण शिसं पोचायला हवं तिथे पोचलं नाही. आज मी जे काही सांगणार आहे ते या एका डुकराभोवतीच फिरणार आहे.

आता वजनाचं बघू. गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. एका ग्रॅममध्ये साडेपंधराच्या जरा आत ग्रेन बसतात. हे ऐकून कुणालाच काही बोध होत नाही. पण गंमत बघा, इंग्रज सरकारने १८३३ मध्ये तोळा ठरवला तो बरोबर १८० ग्रेनचा. आणि थर्टी-ओ-सिक्स या जगभर चालणाऱ्या काडतुसाची सगळ्यात परिचित गोळी किती ग्रेनची? १८०. म्हणजे एक तोळा! आता राम मारुती रोडवरचे सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतात, मी म्हणतोय तो जुना, ११.६६ ग्रॅमचा. याच मापाने आमच्या पॉइंट टू-टूची ४० ग्रेनची गोळी पाव तोळ्याहूनही हलकी, थ्री-सेव्हन्टी-फाइव्हची ३०० ग्रेनची गोळी दीड तोळ्याच्या वर, आणि हत्तीवर चालणाऱ्या फोर-सेव्हन्टी नायट्रो एक्स्प्रेसची ५०० ग्रेनची गोळी पावणेतीन तोळ्यांच्या वर. हे आकडे आता हातात धरल्यासारखे वाटतात की नाही?

नावांचा मात्र सगळा सावळा गोंधळ आहे. .३७५ हा गोळीचा व्यास, इंचात. सेव्हन बाय फिफ्टी-सेव्हन म्हणजे व्यास सात मिलिमीटर, पुंगळीची, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचाची, लांबी सत्तावन्न. थर्टी-ओ-सिक्समधला 'ओ-सिक्स' म्हणजे १९०६ साल. थ्री-नॉट-थ्रीच्या गोळीचा खरा व्यास .३११ च्या आसपास. आणि बाराबोर म्हणजे नळीत बसतील असे शिशाचे बारा गोळे मिळून एक पौंड. ज्याला जे सुचलं ते त्याने ठेवलं. तेव्हा नावावर जाऊ नका.

कंपन्यांच्या तक्त्यात एक रकाना असतो ऊर्जेचा. शाळेत शिकलो ते सूत्र: अर्धं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. वेगाचा वर्ग असल्यामुळे हलकी पण वेगवान गोळी कागदावर फार भारदस्त दिसते. एक जोडी बघा. ट्वेन्टी-टू टू-फिफ्टी नावाचं काडतूस आहे, ५५ ग्रेनची गोळी सेकंदाला अकराशे मीटरच्या वर फेकतं. ऊर्जा साधारण २,२०० ज्यूल. दुसरं, १८७३ चं अमेरिकी फौजेचं फॉर्टी-फाइव्ह सेव्हन्टी, ४०५ ग्रेनचा शिशाचा ठोकळा, वेग जेमतेम चारशे मीटर. ऊर्जा साधारण २,१५० ज्यूल. तक्त्यात दोघं सख्खे भाऊ! प्रत्यक्षात पहिल्याने कोल्ह्याएवढी जनावरं मारतात आणि दुसऱ्याने अमेरिकेत गवा मारला, म्हणजे तिथला बायसन. पहिली गोळी बायसनच्या खांद्यावर बसली तर दोन-चार बोटं आत जाऊन तिचा भुगा होईल.

दुसरा भ्रम सिनेमाने पसरवला. गोळी लागली की माणूस उडून भिंतीवर आपटतो. न्यूटन काय म्हणाला? जेवढा धक्का पुढे, तेवढाच मागे. गोळीच्या धक्क्याने गवा आडवा होत असता तर बंदूकवाला आधी आडवा झाला असता. हिशोब करा. थर्टी-ओ-सिक्सची तोळाभर गोळी सेकंदाला सव्वाआठशे मीटर वेगाने सत्तर किलोच्या चितळात पूर्ण थांबली, तर चितळाला मिळणारा वेग सेकंदाला चौदा सेंटिमीटर. तुम्ही-आम्ही लोकलच्या दारात याहून जोराचे धक्के रोज खातो. फोर-सेव्हन्टीची गोळी सातशे किलोच्या आफ्रिकी म्हशीत थांबली तर तीन सेंटिमीटर.

मग जनावर मरतं कशाने? रक्तस्रावाने. मेंदूत किंवा मणक्यात लागली तर जागेवर बसतं, ते सोडा. छातीत, फुप्फुसं आणि हृदय यांच्यातून गोळी गेली की रक्तदाब कोसळतो आणि मेंदूचं रक्त तुटतं. हरीण त्यानंतरही पन्नास-शंभर मीटर धावू शकतं. हृदय फुटलेलं असतं आणि ते धावत असतं! नवशिक्याला वाटतं नेम चुकला.

म्हणून प्रश्न दोनच: गोळी किती खोल जाते, आणि वाटेत किती रुंद जखम करते. हे दोन्ही एकमेकांच्या विरोधात आहेत. दाभण गोणीत सहज शिरतो, सुपारी शिरत नाही. व्यासाच्या मानाने लांब आणि जड गोळी दाभणासारखी. तीच गोळी आत गेल्यावर फुलली, म्हणजे टोक पसरून रुंद झाली, तर जखम रुंद होते, पण खोली कमी होते. कुठल्या जनावराला किती फुलायचं, ही खरी विद्या. आणि ती काडतुसात नाही, गोळीत आहे. एकाच पुंगळीत तुम्ही हरणाची गोळीही भरू शकता आणि रेड्याचीही.

ही फुलणारी गोळी गाजली ती आपल्याच देशात. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात १८९० च्या दशकात थ्री-नॉट-थ्रीच्या गोळीवर धातूचं आवरण चढवताना टोकाचं शिसं उघडं ठेवलं गेलं. पूर्ण आवरणाची गोळी सरहद्दीवरच्या लढवय्यांच्या आरपार जायची आणि ते चालतच राहायचे, अशी फौजेची तक्रार होती. 'डमडम बुलेट' हा शब्द तिथला. १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात ती निषिद्ध केली. आणि शिकारीत? बरोबर उलट. कित्येक देशांत हरणावर फुलणारी गोळीच वापरावी लागते, कारण न फुलणारी आरपार जाऊन जनावराला तडफडत ठेवते. माणसावर जे क्रौर्य ठरलं तेच हरणावर दया ठरलं. मी धातूवाला माणूस. तांबं-जस्ताच्या पातळ आवरणाची जाडी थोडी इकडची तिकडे केली की दयेचं क्रौर्य कसं होतं, याचा विचार मला अजून सुटत नाही.

आता जनावरांकडे वळू. ससा आणि त्याच्या आगेमागे, पॉइंट टू-टू पुरे. भेकराएवढ्या लहान हरणाला युरोपात टू-टू-थ्री किंवा टू-फोर-थ्री चालतं. जर्मनीत नियमच आहे: रो नावाच्या छोट्या हरणासाठी शंभर मीटरवर गोळीत १,००० ज्यूल उरायला हवेत, त्याहून मोठ्या खुरी जनावरांसाठी २,००० ज्यूल आणि व्यास निदान साडेसहा मिलिमीटर. मला स्वीडनचा नियम जास्त शहाणा वाटतो. तिथे मूस असतो, चार-पाचशे किलोचं धूड. नियम म्हणतो, नऊ ग्रॅमची गोळी असेल तर शंभर मीटरवर २,७०० ज्यूल हवेत. पण गोळी दहा ग्रॅमची असेल तर २,००० सुद्धा चालतील. म्हणजे कायद्यानेच मान्य केलं की वजन असलं की ऊर्जा कमी चालते. त्यांचं जुनं साडेसहा बाय पंचावन्नचं काडतूस या दुसऱ्या दारातून आत येतं. खांद्याला बसणारा धक्का मवाळ, गोळी लांबलचक, आणि त्याने पिढ्यान्‌पिढ्या मूस पडतोय. मवाळ धक्क्याने नेम चांगला लागतो, हे तक्त्याच्या कुठल्याच रकान्यात नसतं.

आपल्याकडे सांबर आणि डुकरासाठी काय होतं? थ्री-नॉट-थ्री फौजेची म्हणून सामान्य नागरिकाला मिळत नसे. त्यातून पॉइंट थ्री-वन-फाइव्ह आली. मुळात ऑस्ट्रियाच्या मॅनलिखर रायफलचं आठ मिलिमीटरचं काडतूस. २४४ ग्रेनची गोळी, वेग सुमार. दिसायला गावंढळ, पण रानडुकराच्या त्या ढालीला हेच लागतं. पुण्याच्या खडकीच्या कारखान्यातल्या काडतुसांच्या बुडावर 'केएफ' कोरलेलं असे. 'केएफ' म्हणजे किर्की फॅक्टरी. आजोबांच्या हातात बाराबोरऐवजी ती असती, तर... असो.

मोठ्या रायफलींचे आकडे विचित्र का, याचंही उत्तर हिंदुस्थानात आहे. १८९८ मध्ये रिग्बी कंपनीने बिनधुराच्या नव्या दारूवर चालणारी फोर-फिफ्टी नायट्रो एक्स्प्रेस काढली आणि काळ्या दारूच्या आठ बोअर, चार बोअर तोफा एकदम म्हाताऱ्या झाल्या. पण १९०७ च्या सुमारास सरकारने हिंदुस्थानात आणि सुदानात .४५० व्यासावर बंदी आणली. त्याच व्यासाच्या, फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्रीच्या चोरट्या बंदुका बंडखोरांकडे होत्या, त्यांना गोळ्या मिळू नयेत म्हणून. मग इंग्लंडच्या प्रत्येक बंदूकवाल्याने शेजारचा आकडा पकडला: ४६५, ४७०, ४७५. कामगिरी जवळपास तीच. जनावराला त्या फरकाचा पत्ताही लागला नसता. पुढे १९१२ मध्ये हॉलंड अँड हॉलंडची थ्री-सेव्हन्टी-फाइव्ह आली, आणि आजही आफ्रिकेच्या कित्येक देशांत धोकादायक जनावरांसाठी किमान मर्यादा म्हणून तिचंच नाव घेतात.

इथे कुणीतरी हमखास बेलचं नाव काढतो. हा पाहा, हात वर झालाच. करामोजो बेल, स्कॉटिश माणूस, हजारावर हत्ती मारले आणि त्यातले बरेचसे सेव्हन बाय फिफ्टी-सेव्हनने, म्हणजे तोळ्याहूनही किंचित हलक्या, १७३ ग्रेनच्या गोळीने. मग पावणेतीन तोळे कशाला?

बेलचा दाखला लोक अर्धाच देतात. त्याने हत्तीची कवटी करवतीने कापून मेंदू नेमका कुठे असतो ते पाहिलं होतं. हत्तीच्या कपाळाचं हाड मधाच्या पोळ्यासारखं पोकळ, त्यात मेंदू खोलवर, पावाएवढा. तिथवर जायला न फुलणारी, पूर्ण आवरणाची, लांब गोळी हवी, आणि ती त्याच्याकडे होती. शिवाय हत्ती शांत उभा असताना, हव्या त्या कोनातून, तो मारत असे. आता तुम्ही झाडीत आहात, जखमी रेडा पंधरा पावलांवरून येतोय, कोन तुम्ही निवडलेला नाही, नेम चार बोटं चुकणार आहे. जड रायफल त्या चार बोटांसाठी आहे. ती चूक पूर्ण माफ करत नाही, थोडी सवलत देते. आणि जिम कॉर्बेट? चंपावतची वाघीण १९०७ मध्ये मारल्यावर त्यांना बक्षीस मिळाली ती टू-सेव्हन-फाइव्ह रिग्बी, म्हणजे बेलच्याच काडतुसाचं विलायती नाव. वाघ दोनशे किलोंच्या आसपासचं, पातळ कातडीचं जनावर. त्याला ती पुरते, शांतपणे नेम धरणारा माणूस मागे असेल तर.

शेवटचा प्रश्न मागून आलाय, ताईंचा. येऊरच्या जंगलातला बिबट्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत शिरला तर कुठलं काडतूस योग्य? ताई, कुठलंच नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये आपल्याच ठाण्यात बिबट्या मॉलमध्ये शिरला होता, आठवतंय ना? जवळच्या हॉटेलच्या तळघरात त्याला भुलीचं इंजेक्शन देऊन पकडलं. ते मारायलाही बंदूकच असते, आणि तिचं गणित आज सांगितलेल्या सगळ्याच्या उलटं आहे. सुई कातडीतून स्नायूत जाऊन तिथेच थांबली पाहिजे. जरा जोर जास्त झाला तर हाड मोडतं किंवा सुई पोटात घुसते, कमी झाला तर औषध केसांवरच सांडतं. म्हणून तिथे सहसा दारू नसते. कार्बन डायऑक्साइडचा दाब असतो, आणि अंतर बघून तो काट्यावर कमी-जास्त करतात. बिबट्या दहा पावलांवर असेल तर दाब उतरवावा लागतो. तो अंधारात गुरगुरतोय, बाहेर मोबाइल घेऊन पाचशे माणसं उभी आहेत, आणि वनखात्याचा माणूस टॉर्चच्या उजेडात तो काटा खाली आणतोय.