डासालाही लागण होते

धुळ्याकडची एक गल्ली. दारोदारी निळे ड्रम. नळाला पाणी येतं आठवड्यातून एकदा, मग साठवल्याशिवाय भागणार कसं? झाकण सरकवून बॅटरी मारा. पाण्यात बारीक अळ्या वळवळताहेत, उजेड पडला की झटक्यात तळ गाठतात. एडीस इजिप्ती डासाची ही पिल्लावळ.

डास डेंग्यू पसरवतो, हे आता शाळकरी पोरंही सांगतात. पण आधी त्या डासालाच लागण व्हावी लागते, हे कुणी फारसं सांगत नाही.

तापाने फणफणलेल्या माणसाला मादी चावते. नर चावतच नाही, त्याला फुलांचा रस पुरतो. रक्तातून विषाणू मादीच्या पोटात जातो, पण लगेच दुसऱ्याच्या अंगात उतरत नाही. आतड्याच्या पेशींत शिरायचं, वाढायचं, अंगभर पसरत लाळेच्या ग्रंथींपर्यंत पोचायचं, याला साधारण ८ ते १२ दिवस लागतात. हवा उबदार असली की हा प्रवास लवकर उरकतो. अळीचा डास व्हायलाही जवळपास तेवढेच दिवस पुरतात, आणि आपला ड्रमही तेवढेच दिवस भरलेला असतो.

मादीचं शरीर झुंज देतं. तिच्या पेशी विषाणूच्या आरएनएचे, म्हणजे त्याच्या जनुकीय द्रव्याचे, तुकडे करतात, काही माद्यांमध्ये तर तो आतड्यातच अडकून पडतो. पण तो पुढे सरकलाच, तर मादी काही अंथरूण धरत नाही. उडते, चावते, अंडी घालते. विषाणू तिच्या अंगात मरेपर्यंत राहतो, कधी अंड्यांतही उतरतो.

प्रयोगशाळेत एक गोष्ट दिसली आहे, आणि मला तीच सगळ्यात घातक वाटते. लागण झालेल्या माद्यांना रक्त प्यायला जास्त वेळ लागला. घरात काय होईल, बघा. सोंड रुतवून ती बसलेली, माणूस हात झटकतो, ती अर्धपोटी उठते आणि शेजारी झोपलेल्या लेकरावर जाऊन बसते.

उद्या पाणी यायचंय. गल्लीतल्या आक्का ड्रम आडवा करतात आणि आतला काठ काथ्याने खसाखसा घासतात. अंडी तिथेच चिकटलेली असतात, पाण्याच्या रेघेच्या जरा वर, काळी, खसखशीहूनही बारीक. कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात, पाणी लागलं की फुटतात. म्हणून नुसतं पाणी ओतून देऊन आक्कांचं भागत नाही. धुतलेला ड्रम उन्हात पालथा पडतो. आक्का आता कूलरची टाकी ओढताहेत.