ओढ

श्रोतेहो, रामराम.

मृग सरत आलेला, कपाशी टोबून झालेली, बियाण्याचा पैसा मातीत गेलेला आणि आभाळ कोरडं. अशा वेळी आपल्याकडं पारावर एकच वाक्य ऐकू येतं, ‘पान्यानं वढ देली.’ आज मला या ओढीबद्दलच बोलायचं आहे. कारण लेक सासरी गेली की तिची मायही हाच शब्द काढते, ‘पोरीची वढ लागली जिवाले.’

हा शब्द कसा चालतो ते पाहा. भूक लागते, तहान लागते, तशी ओढ लागते. ‘मी ओढ केली’ असं कुणी म्हणत नाही, ते आपल्या हातातलं नसतंच. आणि ओढ देतो कोण? जो येत नाही तो. पाऊस ओढ देतो, ताण आपल्याला बसतो.

कातरवेळी उगाच हुरहुर वाटते, तिला कारण लागत नाही. ओढीला मात्र दिशा लागते. आठवण आली तर माणूस फोन करतो. ओढ लागली की एसटी धरतो. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आपल्याकडं भुलाबाईची गाणी चालतात. सासर-माहेराच्या त्या गाण्यांत ही दिशा पक्की ठरलेली असते.

मला हा शब्द खरा समजला तो बंडीवर. सकाळी वावरात जाताना बैलांना हाकलावं लागे. संध्याकाळी वडील कासरा सैल सोडून देत. गावाशेजारचा नाला ओलांडला की बैलांच्या माना पुढे होत, पावलं झपझप पडू लागत, चाकांची खडखड वाढे. मी कासरा धरला की तो तळहातात ताणलेला जाणवे. वडील म्हणत, ‘राहू दे, घराची वढ हाय त्याईले.’

दुसऱ्याच्या पिकाकडं धावणाऱ्या ढोराला आपण ओढाळ म्हणतो, गळ्यात लोढणं अडकवतो. शब्द त्याच घरातला. पण मला त्या ढोराचा कधी राग आला नाही. त्यालाही काहीतरी खेचतच असतं.

परवा मायला फोन केला. आधी तिनं पावसाचं सांगितलं, यंदाही वढ देली म्हणून. मग जरा थांबली.

‘अन् तू कवा येशीन?’

मी उद्या सकाळच्या गाडीनं निघतो आहे. रामराम.