जिंकल्यावर रडू कशाचं यावं?

मंडळी, ई. आर. एडिसन यांची ‘द वर्म ऑरोबोरोस’ ही कादंबरी मी दोनदा वाचली. पहिल्यांदा भाषेच्या ओढीनं, आणि दुसऱ्यांदा आपल्याच वाचनात काही चुकलं का ते बघायला. दोन्ही वेळा शेवटाला येऊन मन खट्टू झालं.

पुस्तक १९२२ सालचं. एडिसन ब्रिटिश सरकारी नोकरीत होते, पण इंग्रजी लिहिली ती तीनशे वर्षांपूर्वीच्या वळणाची. आज कुणी बखरीच्या मराठीत जाडजूड कादंबरी लिहावी, तशी. सुरुवातीला अडखळायला होतं. एकदा कान बसला की सोडवत नाही. पहिल्याच प्रकरणात डेमनलँड या राज्याच्या लॉर्ड जसचा दरबार येतो. तिथलं एक उच्चासन अलेक्झांड्राइट या रत्नाचं आहे, रात्री मद्यासारखं जांभळं, दिवसा खोल समुद्रासारखं हिरवं. आणि कोश्त्रा पिव्रार्का या शिखराची ती चढाई! सह्याद्रीत दोर लावून कातळ चढलेल्या कुणाच्याही तळहाताला ती पानं वाचताना घाम सुटेल. तेव्हा लांबीबद्दल किंवा अलंकारांबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. लेसिंगहॅम नावाचा इंग्रज गृहस्थ स्वप्नात बुध ग्रहावर येतो, त्याच्या डोळ्यांनी आपण हे जग बघायला लागतो, आणि थोड्याच वेळात लेखक त्याला विसरून जातो. तेही मी चालवून घेतलं.

चालवून घेता आला नाही तो शेवट. डेमनलँडचे सरदार, म्हणजे जस आणि त्याचे सोबती, शत्रुराज्य विचलँडचा पुरता पाडाव करतात. आणि मग उदास होतात. का, तर आता तोलामोलाचा शत्रू उरला नाही! राणी सोफोनिस्बा त्यांच्यासाठी देवांकडे मागणं मागते, ते फळतं, आणि विचलँडचा दूत दारात आल्याची वर्दी येते, अगदी सुरुवातीला आली होती तशीच. ‘ऑरोबोरोस’ म्हणजे हेच, आपलीच शेपूट तोंडात धरलेला साप. रचना म्हणून फार डौलदार आहे, हे मी मनापासून मान्य करतो.

पण मला स्त्रीपर्व आठवत राहिलं. कुरुक्षेत्रावरची प्रेतं गांधारी दिव्यदृष्टीनं बघते, एकेकाला ओळखते. कर्ण आपला थोरला भाऊ होता हे युधिष्ठिराला तेव्हा कळतं, आणि जिंकलेलं राज्य त्याला नकोसं होतं. हे लहानपणापासून ऐकत आलेल्या माणसाला जसचं दुःख आपलं वाटत नाही. एवढ्या मोठ्या ग्रंथात साध्या शिपायाचं घर क्वचितच दिसतं. सरदारांचं मागणं फळलं म्हणजे ते शिपाईही पुन्हा मरायला निघणार. त्यांना कुणी विचारलं?

पहिलं महायुद्ध संपून तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. मुलगा परत न आलेली घरं इंग्लंडात गावोगाव होती. त्यातल्या एखाद्या आईच्या हाती हे पुस्तक पडलं असेल, तर ते शेवटचं पान तिनं कसं वाचलं असेल? मी दोन्ही वेळा तिथंच अडलो.