आधी फ्रीज, मग कोर्ट

[दृश्य: अमेरिकी सिनेटची सुनावणी, ४ ऑक्टोबर २०१७]

टेबलाशी बसलेत ते रिचर्ड स्मिथ. इक्विफॅक्स या क्रेडिट ब्युरोचे, म्हणजे लोकांच्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीचे, सीईओ, निदान आठवडाभरापूर्वीपर्यंत होते, २६ सप्टेंबरला पद सोडलं. पण तुमची नजर त्यांच्यावर टिकणारच नाही, मागे बघा. उंच काळी टोपी, पांढऱ्या मिश्या, एका डोळ्याला गोल भिंग. मोनोपॉली खेळातला तो गर्भश्रीमंत म्हातारा! सिनेटर चांगले फैलावर घेतायत आणि हे सोंग मागे बसून मिशीला पीळ देतंय, भिंग सारखं करतंय.

गंमत म्हणून क्लिप तेव्हा सगळीकडे फिरली, पण ते सोंग कशासाठी होतं ते फार जणांनी विचारलंच नाही. मुद्दा होता सक्तीच्या लवादाचा, ज्याला तिकडे आर्बिट्रेशन म्हणतात. ब्रीच, म्हणजे लोकांची माहिती चोरीला गेल्याचं, जाहीर झाल्यावर कंपनीनं लोकांना फुकट क्रेडिट मॉनिटरिंग, म्हणजे नावावरच्या कर्जांवर नजर ठेवणारी सेवा, देऊ केलं, लोक साइटवर गेले, आणि अटी वाचणाऱ्या थोड्या मंडळींच्या लक्षात आलं की आत लिहिलंय, वाद झाला तर कोर्टात जायचं नाही, लवादाकडे जायचं, तेही एकेकट्यानं. म्हणजे आमच्याकडून तुमची माहिती गेली, घ्या ही फुकट सेवा, आणि आमच्यावर दावा करायचा हक्क तेवढा इथे ठेवून जा. बोंबाबोंब झाली तसं कंपनीनं ते कलम या ब्रीचला लागू नाही म्हणून सांगितलं आणि काढूनही टाकलं.

पण त्याच महिन्यात, २४ ऑक्टोबरच्या रात्री, सिनेटमध्ये मतदान झालं. वित्तीय कंपन्यांना असं एकत्र दावा बंद करणारं कलम घालता येऊ नये असा नियम ग्राहकांसाठीच्या सरकारी संस्थेनं, सीएफपीबीनं, नुकताच केला होता, तो रद्द करायचा का यावर. ५०-५० मतं पडली आणि उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स यांनी आपलं मत टाकून तो रद्द केला. इक्विफॅक्सची बातमी अजून पहिल्या पानावर असताना! म्हणून आजही अमेरिकेत बँक, ब्रोकर, कर्ज देणारी कंपनी, कोणाकडूनही 'तुमची माहिती गेली' असं पत्र आलं की खात्याचा करार काढून लवादाचं कलम शोधावं लागतं. काही करारांत खातं उघडल्यापासून ठराविक दिवसांत लेखी कळवून त्यातून बाहेर पडता येतं, पण कळवतं कोण?

[दृश्य: अटलांटा, पीचट्री स्ट्रीट, इमारत बाहेरून]

इक्विफॅक्सचं मुख्यालय. बाहेरून चारचौघांसारखं ऑफिस, आणि आत अमेरिकेतल्या जवळपास प्रत्येक कर्जदाराची कुंडली. यातल्या बहुतेकांनी या कंपनीशी कधी व्यवहारच केलेला नाही, माहिती बँका आणि कार्ड कंपन्या परस्पर पुरवतात. म्हणजे 'सेवा आवडत नाही, खातं बंद करतो' ही सोयच नाही.

झालं काय ते तारखांनी बघा. ७ मार्च २०१७ ला अपाचे स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधलं भोक जाहीर झालं, त्यावरचा पॅच, म्हणजे दुरुस्तीही, आली. दुसऱ्या दिवशी सरकारी इशारा. ९ मार्चला कंपनीच्या आत मेल फिरला, ४८ तासांत पॅच लावा. पण ज्या पोर्टलवर लोक आपल्या क्रेडिट रिपोर्टमधल्या, म्हणजे कर्जांच्या नोंदींमधल्या, चुकांची तक्रार करायचे, नेमकं तेच सुटलं. १३ मे ला चोर तिथूनच शिरले, एका फाइलमध्ये युजरनेम-पासवर्ड उघडेच पडलेले मिळाले, त्यावरून बाकीचे डेटाबेस उघडत गेले, जवळजवळ ९००० क्वेरी मारल्या, म्हणजे तितक्यांदा माहिती मागवली. ७६ दिवस. जाणारा-येणारा ट्रॅफिक तपासणारं उपकरण होतं हो कंपनीकडे, पण त्याचं सर्टिफिकेट कित्येक महिने एक्स्पायर झालेलं, त्यामुळे ते आंधळं बसलेलं. २९ जुलैला नवीन सर्टिफिकेट घातलं आणि घातल्या घातल्या संशयास्पद ट्रॅफिक दिसला. लोकांना सांगितलं ७ सप्टेंबरला.

सुमारे १४.७ कोटी लोक. नाव, जन्मतारीख, पत्ता, आणि तिकडे ओळख म्हणून सगळीकडे मागतात तो सोशल सिक्युरिटी नंबर.

[दृश्य: ट्विटरचा स्क्रीनशॉट]

हे बघा, यावर विश्वास बसत नाही. कंपनीनं मदतीसाठी वेगळी साइट काढली, आणि कंपनीच्याच ट्विटर हँडलवरून लोकांना चुकीची लिंक गेली, नावातले शब्द उलटसुलट केलेली. ती होती नकली साइट. नशीब की फसवणूक किती सोपी आहे हे दाखवायला एका प्रोग्रामरनं ती बनवलेली, चोरानं नाही. तेव्हा पत्रातली, मेलमधली लिंक दाबू नका, पत्ता स्वतः टाइप करा. ब्रीचनंतर 'आम्ही अमुक कंपनीतून बोलतोय, तुमचं खातं सुरक्षित करायचंय' असे फोन येतात, ते ठेवून द्या आणि कार्डाच्या मागच्या नंबरवर आपण फोन करा.

[दृश्य: क्लेम फॉर्म, मग आकडे पडद्यावर]

आता कोर्ट. देशभरातून दावे झाले, ते सगळे अटलांटाच्या फेडरल कोर्टात एकत्र केले गेले. जुलै २०१९ मध्ये समेट जाहीर झाला, किमान ५७.५ कोटी डॉलर, वाढला तर ७० कोटींपर्यंत. हेडलाइन झाली १२५ डॉलरची. स्वतःचं मॉनिटरिंग आधीच असेल तर फुकटच्या मॉनिटरिंगऐवजी १२५ डॉलर रोख! लोकांनी फॉर्म भरायला गर्दी केली. पण या रोखीसाठी बाजूला ठेवलेले होते ३.१ कोटी डॉलर, आणि पूर्ण १२५ द्यायचे म्हटले तर ते पुरणार २ लाख ४८ हजार जणांना. १४.७ कोटींपैकी! आठवडाभरात फेडरल ट्रेड कमिशन (एफटीसी) या सरकारी संस्थेलाच सांगावं लागलं की रोखीपेक्षा मॉनिटरिंग घ्या, वाटणीला फार कमी येईल. पैसे वाटायला सुरुवात झाली ती डिसेंबर २०२२ ला, आणि १२५ च्या जवळपासही कोणाला मिळाले नाहीत.

पण त्याच फॉर्ममध्ये खाली एक रकाना होता ज्याची हेडलाइन झाली नाही. प्रत्यक्ष नुकसान झालं असेल तर २०,००० डॉलरपर्यंत, आणि या भानगडीत गेलेल्या वेळाचे तासाला २५ डॉलर, जास्तीत जास्त २० तास, त्यातले १० तास तर कागदपत्रांशिवाय. म्हणून ब्रीचचं पत्र आलं त्या दिवसापासून टाचण ठेवा. कोणाला फोन केला, किती वेळ गेला, नोटरीला, कुरिअरला काय दिलं. पुढे दोन वर्षांनी क्लेम उघडेल तेव्हा यातलं काही आठवणार नाही.

समेटातून बाहेर पडायचीही मुदत असते. गप्प बसलात तर तुम्ही आत धरले जाता, आणि स्वतंत्र दाव्याचा हक्क जातो, क्लेम भरा नाही तर नका भरू. नुकसान मोठं असेल तर मुदतीआधी वकिलाला दाखवा. बाहेर पडलात तर स्मॉल क्लेम्स, म्हणजे छोट्या रकमांच्या दाव्यांच्या, कोर्टाचा रस्ता आहे, मर्यादा प्रत्येक राज्याची वेगळी, पण कंपनीचा माणूस समोर येऊन उभा राहतो आणि वकील लागतोच असं नाही. कॅलिफोर्नियात २०२० पासून नुकसान सिद्ध न करताही कायद्यानं ठरवलेली रक्कम मागता येते, पण तिथेही कंपनीनं सुरक्षेत हयगय केली हे दाखवावं लागतं.

बाकी ठिकाणी 'माझं नेमकं काय गेलं' याचं उत्तर लागतं. २०२१ मध्ये ट्रान्सयुनियन या दुसऱ्या क्रेडिट ब्युरोच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं ८,१८५ पैकी १,८५३ जणांनाच नुकसानभरपाई मागायला पात्र धरलं, कारण रिपोर्टमधली चुकीची नोंद बाहेर कोणाला गेली ती फक्त त्यांचीच. नुसता धोका पुरत नाही.

[दृश्य: स्क्रीन रेकॉर्डिंग, फ्रीज लावताना]

आणि हे आपलं खरं काम. कोर्टाचं काय व्हायचं ते होईल, हे आज होतं. क्रेडिट फ्रीज म्हणजे नवीन कर्जासाठी तुमचा रिपोर्ट कोणाला दाखवायचाच नाही, आणि रिपोर्ट दिसला नाही तर सहसा कोणी तुमच्या नावावर नवीन कार्ड देत नाही. पूर्वी बऱ्याच राज्यांत याचेही पैसे घ्यायचे. म्हणजे माहिती सांडायची त्यांनी आणि झाकायचे पैसे द्यायचे आपण. इक्विफॅक्सनंतर कायदा झाला आणि २१ सप्टेंबर २०१८ पासून हे देशभर फुकट आहे.

कर्सरकडे लक्ष द्या. इक्विफॅक्सच्या होमपेजवर मोठं, रंगीत बटण येतं ते मॉनिटरिंगचं किंवा 'लॉक'चं. लॉक हे कंपनीचं प्रॉडक्ट आहे, काही ठिकाणी दरमहा फी, आणि त्याला कंपनीच्या अटी, परत तेच लवादाचं कलम असू शकतं. फ्रीज हा कायद्यानं दिलेला हक्क आहे. म्हणून तो खाली कुठेतरी बारीक अक्षरात सापडतो, हो, हा. दाबा. खातं उघडा, ओळखीचे दोनचार प्रश्न येतात, जुना पत्ता, कुठल्या बँकेचं कर्ज होतं वगैरे. मध्ये एक पान येतं, 'त्याऐवजी हे घ्या ना' म्हणून, त्याला नाही म्हणा. झालं.

हेच एक्सपेरियन या तिसऱ्या ब्युरोला, हेच ट्रान्सयुनियनला. तिन्हीकडे वेगवेगळं, एकानं दुसऱ्याला कळवायचं अशी पद्धत फ्रीजमध्ये नाही, ती फ्रॉड अलर्टमध्ये, म्हणजे कर्ज देण्याआधी ओळख नीट तपासा अशा सूचनेत, आहे आणि साधा अलर्ट वर्षभरच टिकतो. एक घर उघडं राहिलं तर बाकीच्या दोघांचा उपयोग अर्धाच. ऑनलाइन किंवा फोनवर मागितलेला फ्रीज एका कामकाजाच्या दिवसात लावावा लागतो, काढायचा झाला तर एका तासात. क्रेडिट स्कोअर कमी होत नाही, आत्ताची कार्डं चालू राहतात. सोळा वर्षांखालच्या मुलांचाही आईवडिलांना फुकट लावता येतो, तो कागदपत्रं पाठवून, आणि लहान मुलाचा सोशल सिक्युरिटी नंबर चोराला फार आवडतो कारण वर्षानुवर्षं कोणी बघत नाही.

फ्रीजनं सगळं थांबत नाही. तुमच्या नावानं टॅक्स रिफंड काढला जाऊ शकतो, त्यासाठी आयआरएस या कर खात्याकडून सहा आकडी पिन घ्या, तो दर वर्षी नवा येतो. बँक खातं उघडलं जाऊ शकतं, त्यासाठी बँक खात्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या चेक्ससिस्टम्सकडे वेगळा फ्रीज. आणि चोरी होऊनच गेली असेल तर एफटीसीच्या आयडेंटिटी थेफ्ट साइटवर रिपोर्ट करा, कारण त्या रिपोर्टची प्रत आणि ओळखपत्र वगैरे दिलं की ब्युरोला खोट्या नोंदी चार कामकाजाच्या दिवसांत ब्लॉक कराव्या लागतात.

२०२० मध्ये अमेरिकेनं चीनच्या लष्करातल्या चौघांवर इक्विफॅक्सच्या चोरीचे आरोप ठेवले. त्यांचे फोटो तुम्ही आत्ता बघताय.

[दृश्य: टेबलावर उघडं पत्र]

पत्रात फुकट मॉनिटरिंगचा कोड असतो आणि त्याला शेवटची तारीख असते, ती आधी बघा. अटींत लवादाचं कलम नसेल तर घेऊन टाका. आणि घर किंवा गाडीचं कर्ज काढताना कर्ज देणाऱ्याला आधी विचारा, कुठल्या ब्युरोचा रिपोर्ट बघणार, म्हणजे तेवढाच फ्रीज तेवढ्याच दिवसांपुरता उघडता येतो.